खेड्यातला डॉक्टर मंत्री होतो तेव्हा

आमच्या मेडिसिनच्या ओपीडीत दर महिन्याला फिटच्या गोळ्या न्यायला एक मायलेक येतात. लेक सतरा वर्षांची. जन्मली तेव्हा रडायला उशीर झाला होता. तेव्हापासून फिट येतात आणि समज वयाच्या मानाने बरीच कमी आहे. बाप नाही. आई दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जाते. गेल्या पावसाळ्यात एकदा आईने केसपेपर माझ्यापुढे सरकवला, मागच्या रांगेकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "सायेब, हिची पिशवी काढायची चिठ्ठी द्या की. महिन्याच्या महिन्याला लई तरास हाय. आन् मी रानात गेल्यावर पोरगी घरात एकलीच असती. काय बरंवाईट झालं तर कुणाच्या तोंडाकडं बघू?"

मुलगी शेजारच्या स्टुलावर बसून माझ्या टेबलावरचा रबरी शिक्का स्वतःच्या तळहातावर उमटवत होती.

चिठ्ठी लिहिणं अवघड नव्हतं. वरच्या मजल्यावर स्त्रीरोग विभाग आहे. चार ओळी लिहून 'मतासाठी' पाठवलं की माझं काम संपलं असतं. "पुढच्या महिन्यात बोलू," असं म्हणून मी त्या दिवशी वेळ मारून नेली. पण ती चिठ्ठी डोक्यात राहिली आणि तिच्यामागोमाग एक माणूस आठवत राहिला. तो आमच्याच व्यवसायातला, खेड्यातला डॉक्टर. पुढे राजकारणात गेला, प्रांताचा आरोग्यमंत्री झाला आणि बावीस वर्षं त्या खुर्चीवर राहिला. त्याचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते एका वर्गमित्राकडून. तो कॅनडातल्या एडमंटन शहरात स्थायिक झाला आहे. त्याच्या पत्नीला कर्करोग झाला तेव्हा फोनवर तो सारखा म्हणायचा, "आज क्रॉसला गेलो होतो, उद्या क्रॉसला जायचंय." मला वाटलं, एखादं चर्चचं रुग्णालय असेल. क्रॉस हे माणसाचं नाव आहे, हे नंतर कळलं.

डॉ. वॉलेस वॉरेन क्रॉस. अल्बर्टा प्रांतातल्या हॅना नावाच्या गावाचा डॉक्टर. कॅलगरी शहरापासून दोनशेएक किलोमीटरवरचं हे गाव रेल्वे आली तेव्हा वसलं. हॅना हे नावही एका रेल्वे अधिकाऱ्याचं. (आजच्या तरुणांना हे गाव 'निकेलबॅक' या रॉक बँडचं म्हणून माहीत असतं.) चहूकडे सपाट माळ, नजर पोचेल तिथवर गहू, हिवाळ्यात उणे तीस अंशांपर्यंत उतरणारा पारा आणि पाऊस आपल्या माणदेशासारखा, आला तर आला. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे युरोपातून आणि पूर्व कॅनडातून हजारो कुटुंबं इथे जमिनी घेऊन बसली. नंतर पावसाने दगा दिला. १९३० च्या दशकात तर दुष्काळ आणि जागतिक मंदी दोन्ही एकदम आली. काही वर्षांपूर्वी बुशेलला डॉलरच्या वर असलेला गव्हाचा भाव १९३२ मध्ये चाळीस सेंटांच्याही खाली गेला. वरची माती वाऱ्याने उडून गेली. घरंच्या घरं टाकून लोक निघून गेले. शेवटी १९३८ मध्ये हा सगळा टापू 'विशेष क्षेत्र' म्हणून प्रांताने थेट स्वतःच्या कारभाराखाली घेतला. त्या विशेष क्षेत्रांचं मुख्य कार्यालय आजही हॅनामध्येच आहे.

अशा मुलखात डॉक्टरी करणं म्हणजे काय, हे ज्यांनी आपल्याकडच्या दुष्काळी तालुक्यात नोकरी केली आहे त्यांना सांगायला नको. प्रेअरीवरच्या डॉक्टरांच्या त्या काळातल्या आठवणी वाचल्या तर त्या एकमेकींसारख्याच असतात. रात्री निरोप येतो, बर्फातून घोड्याच्या घसरगाडीने दहा-वीस मैल जायचं, कंदिलाच्या उजेडात बाळंतपण करायचं आणि फीच्या जागी कोंबडी, बटाटे नाहीतर नुसता वायदा घेऊन परतायचं. बिलं वर्षानुवर्षं थकत. डॉक्टरही कर्जात असे. शिवाय त्या काळात रुग्णालयाचा खर्च ज्याचा त्याने करायचा. एखाद्या घरात क्षय शिरला की आधी माणूस जायचा, मग गुरं, मग जमीन.

१९३५ च्या ऑगस्टमध्ये अल्बर्टात निवडणूक झाली आणि राजकारणातलं एक अजब प्रकरण घडलं. विल्यम एबरहार्ट नावाचे कॅलगरीतल्या एका हायस्कुलाचे मुख्याध्यापक दर रविवारी रेडिओवर बायबलवर प्रवचन देत. घराघरांत त्यांचा आवाज पोचला होता. 'सोशल क्रेडिट' नावाचा एक अर्थविचार त्यांच्या हाती लागला आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला महिन्याला पंचवीस डॉलर देऊ, असं आश्वासन त्यांनी दिलं. ६३ पैकी ५६ जागा त्यांच्या पक्षाला मिळाल्या. निवडून आलेल्यांपैकी बहुतेकांनी विधानसभेची पायरीही पूर्वी चढलेली नव्हती. शिक्षक, शेतकरी, दुकानदार अशी ही मंडळी, आणि त्यांच्यात हॅनाचे डॉ. क्रॉस. आरोग्य खातं कोणाकडे द्यायचं, हा प्रश्न फार वेळ पडला नसावा.

पंचवीस डॉलर कोणाला कधीच मिळाले नाहीत. उलट १९३६ च्या एप्रिलमध्ये अल्बर्टाला स्वतःच्या कर्जरोख्यांचे पैसे फेडता आले नाहीत. प्रांत अक्षरशः दिवाळखोर झाला. आणि त्याच वर्षी आरोग्यमंत्री क्रॉस यांनी कायदा आणला की प्रांतातल्या प्रत्येक क्षयरोग्यावर सरकारी खर्चाने उपचार होतील.

या निर्णयापाशी मी थोडा थांबतो, कारण १९३६ मध्ये क्षयावर औषध नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागायला अजून सात वर्षं होती. उपचार म्हणजे सॅनिटोरियममध्ये महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळून विश्रांती, मोकळी हवा, दूध-अंडी, आणि काहींच्या छातीत सुईने हवा भरून आजारी फुफ्फुस मिटवून ठेवणं. आपल्याकडेही मिरजेजवळ तेव्हा हेच चालू होतं. ज्यांच्या नावाने वानलेसवाडी वसली ते डॉ. वानलेस मूळचे कॅनडातलेच. आता गंमत अशी की या उपचाराने रोगी बरा होवो न होवो, तो घराबाहेर राहतो, आणि घरातली पोरं वाचतात. पण खर्च कुटुंबावर असेल तर कोण जाईल? लोक खोकला लपवतात, अगदी रक्त पडेपर्यंत लपवतात. फुकट उपचारामुळे लपवण्याचं एक मोठं कारण निघून जातं. शेजारच्या सॅस्कॅचवान प्रांताने हे १९२९ मध्ये ओळखलं होतं. पण त्यांच्याकडे तेव्हा मंदी पोचायची होती. तिजोरीत खडखडाट असताना हे करायला खेड्यातली घरं आतून पाहिलेला माणूस लागतो, असं मला वाटतं.

क्रॉस तिथे थांबले नाहीत. १९३८ मध्ये पोलिओच्या रुग्णांसाठी मोफत रुग्णालयीन उपचारांचा कायदा झाला. लस यायला अजून सतरा वर्षं होती आणि लुळ्या पडलेल्या मुलांना महिनोन्महिने रुग्णालयात ठेवावं लागे. पुढच्या काही वर्षांत कर्करोगाचं निदान आणि उपचार यांची सरकारी सोय झाली. १९४४ मध्ये बाळंतिणीचा रुग्णालयातला मुक्काम मोफत झाला. कंदिलाच्या उजेडात बाळंतपणं केलेल्या पिढीच्या डॉक्टरांना या एका कायद्याचं मोल वेगळं सांगावं लागलं नसेल. एबरहार्ट १९४३ मध्ये वारले, अर्नेस्ट मॅनिंग मुख्यमंत्री झाले, जमिनीखाली तेल सापडलं, दिवाळखोर प्रांत श्रीमंत झाला. आरोग्यमंत्री मात्र १९५७ पर्यंत तेच राहिले. १९६८ मध्ये एडमंटनला कर्करोगाचं मोठं रुग्णालय उभं राहिलं आणि त्याला क्रॉस यांचं नाव दिलं गेलं. माझ्या मित्राची पत्नी तिथेच बरी झाली.

लेख इथे संपवता आला असता. 'असे लोकप्रतिनिधी आपल्याला कधी लाभणार' असं म्हणून मी सही केली असती आणि वाचकांनाही बरं वाटलं असतं. पण क्षयाच्या कायद्यानंतर एकाच वर्षाने, १९३७ मध्ये, याच मंत्र्याने विधानसभेत आणखी एक दुरुस्ती मंजूर करून घेतली.

अल्बर्टात १९२८ पासून 'लैंगिक निर्बीजीकरण कायदा' होता. क्रॉस यांच्या आधीच्या शेतकरी पक्षाच्या सरकारने तो केला होता. मनोरुग्णालयात किंवा मतिमंदांच्या संस्थेत असलेल्या माणसाला घरी सोडायचं असेल आणि त्याचा दोष पुढच्या पिढीत उतरण्याची भीती असेल, तर त्याची नसबंदी करता येईल, असा तो कायदा. निर्णय घ्यायला चार जणांचं मंडळ होतं. दोन डॉक्टर आणि दोन बाहेरचे. अध्यक्ष होते विद्यापीठातले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकेक्रन, आणि ते १९६५ पर्यंत अध्यक्ष राहिले. मूळ कायद्यात एक अट मात्र होती. रुग्णाची, आणि तो समजण्याच्या स्थितीत नसेल तर त्याच्या पालकाची, संमती लागे.

१९३७ च्या दुरुस्तीने 'मतिमंद' ठरवलेल्यांच्या बाबतीत ही अट काढून टाकली. मंडळाने ठरवलं की झालं. आई-बापांना विचारायची गरज नाही, त्या माणसाला तर नाहीच. १९४२ मध्ये आणखी दुरुस्ती होऊन अपस्माराचे काही रुग्णसुद्धा या जाळ्यात आले. फिटचे रुग्ण, म्हणजे माझ्या ओपीडीतले.

हे लिहिताना क्रॉस यांना राक्षस ठरवणं सोपं आहे, आणि ते चुकीचंही आहे. सुप्रजननशास्त्र तेव्हा चोरून करायची गोष्ट नव्हती. ते पाठ्यपुस्तकात होतं. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या नसबंदीवर शिक्कामोर्तब केलं होतं आणि तिथे एकूण साठ हजारांच्या आसपास माणसांवर ती झाली. स्वीडनसारख्या सुधारलेल्या देशातही असे कायदे होते. अल्बर्टातला कायदा व्हावा म्हणून बायकांच्या मतदानाच्या हक्कासाठी लढलेल्या नामवंत स्त्रियांनी प्रचार केला होता. जर्मनीने १९३३ मध्ये काय केलं आणि ते कुठवर गेलं, हे सर्वांना ठाऊक आहे.

या शास्त्राच्या पायातला खोटेपणा त्याच काळात मोजून दाखवणारी एक मराठी मुलगी होती. इरावती कर्वे बर्लिनला गेल्या, सुप्रजननवादी ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी पीएच.डी. केली. युरोपीय लोकांच्या कवटीची ठेवण त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीची साक्ष देते, या गुरूच्या समजुतीला पुरावा शोधायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी कवट्या मोजल्या आणि असा फरक दिसत नाही, असं लिहून दिलं. गुरू खूश झाले नाहीत. पण माप ते माप.

अल्बर्टात कोणी असं मोजलं नाही. तिथे मंडळ संस्थेत यायचं, एकेका माणसाची फाईल समोर यायची, दोन-चार प्रश्न विचारले जायचे आणि काही मिनिटांत निकाल. मुख्य आधार बुद्ध्यांकाच्या चाचणीचा. ती इंग्रजीत. ज्या पोराच्या घरी युक्रेनियन किंवा एखादी आदिवासी बोली बोलतात, जे कधी धड शाळेत गेलं नाही, ते त्या चाचणीत मंद ठरणारच. १९२९ ते १९७२ या काळात मंडळाने जवळजवळ ४,७०० माणसांची नसबंदी मंजूर केली. समोर आलेली प्रकरणं जवळजवळ सगळीच मंजूर झाली. प्रत्यक्ष शस्त्रक्रिया सुमारे २,८०० जणांवर झाल्या. त्यात बाया जास्त, अल्पवयीन मुलं जास्त, गरीब जास्त, आणि मूळ रहिवासी जमातींचे लोक लोकसंख्येतल्या प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त.

त्यातली एक लीलानी म्यूर. आईला ती नकोशी होती. घरी पोटाला मिळायचं नाही म्हणून ती शाळेत दुसऱ्या मुलांचे डबे खायची. १९५५ मध्ये, अकरावं वर्ष पूर्ण होता होता, तिला रेड डीअर इथल्या मतिमंदांच्या प्रशिक्षण शाळेत आणून सोडलं. क्रॉस तेव्हा मंत्री होते. १९५७ मध्ये तिच्या चाचणीचा आकडा आला ६४. मंडळाने नेहमीप्रमाणे मंजुरी दिली. १९५९ च्या जानेवारीत, चौदा वर्षांची असताना, तिला शस्त्रक्रियेला नेलं. अपेंडिक्स काढायचं आहे, असं तिला सांगितलं होतं. तिच्या गर्भनलिका कायमच्या निकामी केल्या. पुढे ती संस्थेतून बाहेर पडली, लग्न झालं, मूल होईना, म्हणून डॉक्टरांकडे गेली तेव्हा तिला हे कळलं. १९८९ मध्ये पुन्हा चाचणी केली तर आकडा आला ८९. म्हणजे तुमच्याआमच्यासारखी सर्वसाधारण बाई. तिने सरकारवर दावा लावला आणि १९९६ मध्ये तो जिंकला. ७,४०,७८० डॉलर भरपाई मिळाली. मग शेकडो लोक पुढे आले. त्यांच्या भरपाईवर मर्यादा घालण्याचा कायदा सरकारने १९९८ मध्ये आणू पाहिला, पण एवढा गदारोळ झाला की दुसऱ्याच दिवशी तो मागे घ्यावा लागला. १९९९ मध्ये सरकारने जाहीर दिलगिरी व्यक्त केली. मूळ कायदा त्याआधीच, १९७२ मध्ये, नवं सरकार आल्यावर रद्द झाला होता. म्यूर २०१६ मध्ये वारल्या. मूल त्यांना झालं नाही.

मला छळणारा प्रश्न असा आहे की क्षयाचा कायदा आणि नसबंदीची दुरुस्ती हे एकाच माणसाने बारा-पंधरा महिन्यांच्या अंतराने कसं केलं. सोपं उत्तर म्हणजे माणसात चांगलं-वाईट दोन्ही असतं. मला ते पटत नाही. मला वाटतं, दोन्ही कायदे एकाच विचारातून आले. खेड्यातला डॉक्टर रोज दुःख बघतो. ते मुळातून तोडावं असं त्याला वाटतं. त्याच्या हातात तुटपुंजी साधनं असतात, म्हणून तो हिशेब करायला शिकतो. एक क्षयरोगी घराबाहेर काढला तर चार पोरं वाचतात. हा हिशेब बरोबर आहे. 'मतिमंद' बाईला मूल झालं नाही तर पुढच्या पिढीचा संस्थेतला खर्च वाचतो. हिशेबाची रीत तीच. फरक इतकाच की पहिल्या हिशेबात रोगी रुग्णालयात येतो तो त्याला स्वतःलाही काही मिळतं म्हणून. दुसऱ्या हिशेबात त्याच्याकडून घेतलं जातं, त्याला द्यायचं काहीच नसतं. संमतीची अट हा फरक दाखवत होती. ती अट कामाच्या आड येते म्हणून काढली गेली.

आणि हा सगळा प्रकार कॅनडात फार लांब घडला, असं समजून मी लिहीत नाही. १९७६-७७ या एका वर्षात आपल्या देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक विधिमंडळात मंजूर करणारं राज्य महाराष्ट्रच. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. १९९४ मध्ये पुण्यात सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं काढण्याचा कार्यक्रम सुरू झाला होता. स्त्रीसंघटनांनी आवाज उठवल्यावर तो थांबला, तोवर काही मुलींवर शस्त्रक्रिया होऊन गेल्या होत्या. पाळीची स्वच्छता राखता येत नाही, असं कारण दिलं गेलं.

त्याच सुमारास मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होतो. बाँडची नोकरी, वय पंचवीस. तेव्हा कुटुंब नियोजनाचं उद्दिष्ट केंद्रागणिक ठरलेलं असायचं. मार्च महिना आला की शिक्षकांपासून ग्रामसेवकांपर्यंत सगळे 'केस' शोधत फिरायचे. शेवटच्या आठवड्यात शिबिर लागलं. दोन केस कमी पडत होत्या. दुपारी जीपमधून एका भावाने बहिणीला आणलं. नवऱ्याने टाकलेली, एक मूल होऊन गेलेलं, आणि बोलण्यावरून लगेच कळत होतं की समज बेताची आहे. मी तिला काय विचारलं? शेवटची पाळी कधी आली, इतकंच. तेही तिच्या भावाला. तिचा अंगठा फॉर्मवर घेतला, त्याखाली साक्षीदार म्हणून मी सही केली. नाडी आणि रक्तदाब ठीक होता. संध्याकाळी शिबिर संपल्यावर ती वऱ्हांड्यात सतरंजीवर पडून होती. मी जवळून जाताना तिने विचारलं, "माझं काय काढलं?" सिस्टर म्हणाल्या, "काही नाही काढलं, झोप." मी पुढे गेलो. वर्षअखेरीस आमच्या केंद्राचं उद्दिष्ट शंभर टक्के पूर्ण झालं आणि त्याबद्दल प्रशस्तिपत्रकही मिळालं. १९९६ मध्ये अशी उद्दिष्टं बंद झाली. पण तो प्रश्न मी तीस वर्षं बरोबर घेऊन फिरतो आहे. डॉ. क्रॉस यांच्याबद्दल निवाडा द्यायला बसलो की तो आधी उभा राहतो.

आता कायदा स्पष्ट आहे. २०१६ च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यानुसार, अपंग व्यक्तीने स्वतः समजून-उमजून आणि मोकळेपणाने संमती दिल्याशिवाय तिला वंध्यत्व येईल अशी कोणतीही प्रक्रिया करता येत नाही. मानसिक आजारावरचा उपचार म्हणून नसबंदी करायला २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने बंदी घातली आहे. त्याआधी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चंडीगडच्या एका सरकारी संस्थेतल्या तरुणीच्या बाबतीत, सौम्य मतिमंदत्व असलं तरी मूल ठेवायचं की नाही हा तिचा निर्णय आहे, असं सांगितलं होतं. तरीही पिशवी काढायची मागणी घेऊन आया आमच्याकडे येतात. त्या निर्दय नसतात. दमलेल्या असतात, घाबरलेल्या असतात.

पुढच्या महिन्यात मायलेक आल्या तेव्हा मी दुपारी दोनची वेळ दिली, रांग सरल्यावरची. आधी भीतीबद्दल बोललो. गर्भाशय काढल्याने कोणी अत्याचार करायचा थांबत नाही, फक्त तो उघडकीला यायची एक वाट बंद होते. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ पदराशी चाळा करत राहिली. तालुक्याला मतिमंद मुलांची एक दिवसाची शाळा आहे, गाडी गावापर्यंत येते. तिथल्या बाईंचा नंबर दिला. आई रानात जाते ते तास त्यातून सगळे भरून निघत नाहीत, हेही खरं. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

मग मी पाळीबद्दल विचारलं. नेमका कसला त्रास? कधी दोन-दोन महिने येत नाही, आली की पंधरा दिवस थांबत नाही. वजन वाढलंय. चेहऱ्यावर लव आलीय. हे ऐकता ऐकता माझ्या हातातलं पेन थांबलं. मी केसपेपरची मागची पानं उलटली. मुलगी चार वर्षं व्हॅल्प्रोएटवर होती. फिटवरचं हे उत्तम औषध आहे, स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यात कायम मिळतं. पण वयात येणाऱ्या मुलींमध्ये त्याने बीजकोशांचं काम बिघडू शकतं, पाळीचं चक्र विस्कटतं, वजन वाढतं. हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवतो. त्या चारही वर्षांच्या चिठ्ठ्यांवर सही माझी होती. पाळीबद्दल मी एकदाही विचारलं नव्हतं. फिट किती आल्या, गोळ्या संपल्या का, पुढचा.

औषध एकदम बदलता येत नाही, फिट वाढतात. दोन महिन्यांत हळूहळू व्हॅल्प्रोएट कमी करत लेव्हेटिरासिटॅमवर आणलं. स्त्रीरोग विभागात मी स्वतः बरोबर गेलो, सोनोग्राफी करून घेतली आणि रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या सुरू केल्या. तिथल्या सिस्टरने मुलीला पॅड बदलायचं शिकवलं. एकदा नाही, पाच वेळा, बाहुली घेऊन. आई म्हणत होती, तिला काही कळायचं नाही. पाचव्यांदा तिने स्वतः करून दाखवलं.

परवा त्या आल्या होत्या. फिट एकच आली, पाळी सहा दिवस होती. आईने पिशवीचा विषय काढला नाही, मीही काढला नाही. मी गोळ्या लिहीत होतो तेव्हा मुलीने पुन्हा माझा शिक्का उचलला. मी केसपेपर तिच्यापुढे धरला आणि जागा दाखवली. तिने तो नीट, सरळ मारला. मग मान वर करून विचारलं, "या गोळ्या कशाच्या?"

मी सांगायला सुरुवात केली.